पट्टा गप्प राहावा म्हणून

४ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

वाकून नमस्कार. फोनवरच्या बोलण्यात वाक्याला शेवट नसतो असं तुमचं मत असल्यामुळे हे पत्र, आणि पत्रासोबत एक खोकं. काकूला सांगा, खाऊ नाही, काम आहे.

खोक्यात दोन वस्तू आहेत: मनगटावर बांधायचा पट्टा आणि फळीवर ठेवायची डबी. पट्टा वयस्कर माणसाची नाडी मोजतो, तो बसलाय, उभा आहे की पडलाय ते ओळखतो, पावलं मोजतो आणि ही सगळी बातमी डबीला पाठवतो. काही बिघडलं तर डबी पुढे दवाखान्याला कळवते. गोष्ट चांगली आहे, खोट एकच. पट्ट्याचा सेल सहा दिवसांत संपतो. माणसं सेल बदलायला विसरतात आणि नेमकी सातव्या दिवशी पडतात.

कारण पट्टा वाचाळ आहे. मोजायला वीज नावापुरती लागते, मोजलेलं पाठवायला मात्र भरमसाट. आणि हा दर सेकंदाला तेच पाठवतो: बसलाय, बसलाय, बसलाय. बातमी पाठवणारं हे सर्किट आमच्या खोलीतले आम्ही तिघं नव्यानं आखतोय. सेल नव्वद दिवस टिकला पाहिजे. दहा एप्रिलला परीक्षक येतील. तोवर जमलं नाही तर आमची खोली बंद करून तिथे जादाच्या खुर्च्या ठेवायच्या, असं साहेबांनी ठरवलंय. खुर्च्या आल्यासुद्धा. जिन्यात रचून ठेवल्यात. आम्ही त्यांच्यावरून चढून कामाला येतो.

तेव्हा नवा पट्टा घालून रोजच्यासारखं राहणारं वयस्कर माणूस हवं. आमच्या दारवानाला दिला होता, पण आपल्यावर लक्ष आहे म्हटल्यावर तो दिवसभर उठून सलाम ठोकत राहिला. तुम्ही तसं करणार नाही. दर दहा दिवसांनी डबीच्या खिडकीतले आकडे कळवा. बाकी काहीच करू नका.

तुमची,
खटपटी


९ फेब्रुवारी

आयुष्मती खटपटीस काकांचे आशीर्वाद, या खेपेस नेहमीपेक्षा एक ओंजळ अधिक.

पट्टा काल सायंकाळी तुझ्या काकूने माझ्या डाव्या मनगटी बांधला. डबी पोथ्यांच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात प्रतिष्ठापित केली आहे.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. चाळीस वर्षे मी विद्यालयात शास्त्रे शिकवली. वाणीचा संयम हा त्यातील पहिला पाठ. एकही विद्यार्थी गप्प बसला नाही. आणि तू नखाएवढ्या पत्र्यास तोच पाठ देऊ पाहतेस! विचार करण्यास ऊर्जा थोडी, बोलण्यास पुष्कळ. म्हणून तोलून मगच बोलावे. हे तत्त्व ऋषींना तपाने लाभले, तुम्हांस सेल संपल्याने लाभले. मार्ग निराळे, पण पोहोचलात हे महत्त्वाचे.

एकच पृच्छा. तुझा हा मौनी कोणकोणत्या प्रसंगी मौन सोडतो, ते क्रमवार लिही. केवळ जिज्ञासा म्हणून विचारतो.

काका


१४ फेब्रुवारी

तीर्थरूप काका, नमस्कार.

जिज्ञासा आहे तर सांगते. तीनच प्रसंग. नाडी पाच ठोक्यांहून जास्त वरखाली झाली तर; बसलेला उठला किंवा उठलेला बसला तर; आणि चालताना दर वीस पावलांनी एकदा. एरवी मागचीच बातमी असेल तर तो ती गिळतो, आणि तासातून एकदा फक्त ‘आहे’ म्हणतो. तेवढं डबीला कळायला हवंच, नाहीतर गप्प पट्टा आणि मेलेला पट्टा यात फरक कसा करणार?

दुसरी युक्ती आवाजाची. पाठवणाऱ्या भागाला विजेचा दाब अर्धा दिला की खर्च अर्ध्यावर नाही, चौथाईवर येतो. म्हणून हा पट्टा डबीशी ओरडत नाही, कुजबुजतो.

थोडक्यात, तुम्ही उठलात की बिचाऱ्याला बोलावं लागतं, तुम्ही बसलात की तो सुखी. (हा विनोद आहे, काका.)

खटपटी


२५ फेब्रुवारी

आयुष्मती खटपटीस आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्याच दिवशी नवा सेल घातला; तेव्हापासूनच्या दहा दिवसांचे आकडे पुढीलप्रमाणे. सेल: शंभरावरून नव्व्याण्णव. संदेश: दिवसास सरासरी एकतीस. पावले: दिवसास अकरा.

दिनक्रम नेहमीचाच, किंचित आटोपशीर. प्रकृती स्थिर आहे. अत्यंत स्थिर आहे.

तुझ्या पत्रातील विनोद समजला. त्यात सत्याचा अंश होता, म्हणून हसलो नाही. हसल्याने नाडी सात ठोक्यांनी वाढते असे आढळले.

काका


२ मार्च

तीर्थरूप काका,

आज नमस्कार उड्या मारत! दहा दिवसांत एक टक्का म्हणजे सेल हजार दिवस चालणार. साहेबांनी तुमचा आलेख चौकटीत लावून दारावर टांगला. आता नव्वद दिवस नको, ‘तीन वर्षं, सेलला हात लावू नका’ असं खोक्यावर छापा म्हणतात. जिन्यातल्या खुर्च्या खालच्या मजल्यावर गेल्या. आम्हाला पायऱ्या दिसल्या, त्या हिरव्या आहेत.

एवढंच खटकतंय की हाच पट्टा आम्ही आणखी चार जणांना दिलाय आणि त्यांचा सेल बावीस दिवसांच्या पुढे जाईल असं दिसत नाही. का, ते कळत नाही. आमच्यात एक शंकेखोर आहे, त्यानं तुमचे आकडे पाहिले आणि हळूच विचारलं, “हे गृहस्थ आहेत ना?” मी चिडले. पण काका, दिवसाला अकरा पावलं? आपल्या घरात न्हाणीघरच तेवढ्या अंतरावर आहे.

सगळं ठीक आहे ना?

खटपटी


६ मार्च

बाळ,

तुझं पत्र यांनी मला वाचून दाखवलं नाही, म्हणून मी काढून वाचलं. आता मी लिहिते.

तुझे काका तीन आठवडे खुर्चीत आहेत. खुर्ची डबीच्या फळीखाली. पहिल्यांदा खुर्ची जेवणाच्या टेबलाशी नेली, मग म्हणाले टेबलच इकडे आणा. आणलं. न्हाणीघराकडे जाताना एवढ्या लांब ढांगा टाकतात की शेजारच्या डॉक्टरांना वाटलं घरात पाणी साचलंय. डॉक्टरांशी बुद्धिबळ बंद, कारण हरले की नाडी उडते. घरात बातमी सांगायची नाही, चांगलीही नाही आणि वाईटही नाही. परवा समोरच्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मी सांगायला आले तर तळहात दाखवून म्हणाले, “ठोके!” मी परत गेले. रेडिओवरचं प्रवचन चुकीचं चाललं होतं, तरी डोळे मिटून सोसलं. तेव्हा मी घाबरलेच.

आणि ते आवाजाचं काय शिकवलंस गं? अर्ध्या आवाजात बोलतात. मला आधीच कमी ऐकू येतं. मी स्वयंपाकघरात, नळ चालू, हे तिकडून कुजबुजतात. मी म्हणते, “काय?” हे पुन्हा तेवढंच कुजबुजतात. “काय?” पुन्हा. चौथ्यांदा ओरडतात आणि मग पट्टा बोलतो तो बोलतोच. बरं, मला सगळं वाक्य ऐकू आलेलं असतं, एखादा शब्दच निसटलेला असतो; पण हे पहिल्यापासून सगळं म्हणून दाखवतात. मी सांगितलं, “अहो, मी जवळ असेन तेव्हा हळू बोला, लांब असेन तेव्हा मोठ्यानं बोला, आणि राहिलेला शब्दच तेवढा सांगा. तीन वेळा हळू बोलण्यापेक्षा एकदा नीट बोलणं स्वस्त नाही का?” म्हणाले, “तुला सर्किटातलं कळत नाही.”

गुडघे धरलेत त्यांचे. तुझं काम होतंय म्हणून मी एवढे दिवस गप्प राहिले. आता तू बघ.

काकू


११ मार्च

तीर्थरूप काका,

काकूचं पत्र आलं. तिला रागावू नका. आता नाडीची चिंता नसल्यामुळे रागावता येईल, पण रागावू नका.

काका, मी रोजच्यासारखं राहा म्हटलं होतं. मी पट्ट्याची परीक्षा घेत होते, तुमची नाही. त्या आलेखात माझ्या सर्किटचा गुण कुठेच नाही. तो एका मनुष्याच्या हट्टाचा आलेख आहे आणि तो चौकटीत लावलाय!

मी साहेबांना जाऊन खरं सांगितलं. त्यांनी आधी दारावरचा आलेख उतरवला. मग म्हणाले, “काका किती आहेत तुम्हाला?” मी म्हटलं, एकच. म्हणाले, “प्रत्येक पट्ट्यासोबत असा एक काका देता आला असता तर?” मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी कागदावर ‘काका: वजन, उंची, देखभाल?’ असं लिहून ठेवलं, आणि दुपारी खुर्च्या परत जिन्यात आल्या. या वेळी टेबलंही आहेत.

तीस दिवस राहिलेत. माझ्याजवळ चार पट्टे आहेत जे बावीस दिवस टिकतात आणि एक, जो तुम्ही आहात.

उठा, काका. आधी उठा.

खटपटी


१५ मार्च

खटपटे, आशीर्वाद.

उठलो. प्रथम डाव्या पायास ते मान्य नव्हते, परंतु काकूने दोन्ही हात धरले.

मी अपराध कबूल करतो, तथापि अर्धाच. परीक्षा साधनाची होती की साधकाची, हा भेद तुझ्या पत्रात पुरेसा स्पष्ट नव्हता. जे यंत्र माझ्या मनगटी बांधले आहे ते माझ्याहून वेगळे कोठे सुरू होते? आमच्या शास्त्रांत यावर दीर्घ वाद आहे. तो येथे लिहीत नाही. तुझ्याकडे सव्वीसच दिवस आहेत, वाद आठशे वर्षे चालला.

उरलेल्या अर्ध्याविषयी लिहितो. तू हे तारा जोडण्याचे शिक्षण घेणार म्हणालीस, तेव्हा तुला समोर बसवून मी तीन तास बोललो होतो. ही विद्या नव्हे, ही कारागिरी, आपल्या घराण्यात असे कोणी केले नाही, इत्यादी. तू खाली पाहत होतीस. तुझे वडील, माझे धाकटे बंधू, तेव्हा हयात होते. ते म्हणाले, “दादा, आता पुरे.” तरी मी थांबलो नाही. त्या तीन तासांत एकही नवी बातमी नव्हती, एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा पाठवीत होतो, हे मला तुझे ‘बसलाय, बसलाय, बसलाय’ वाचून उमगले. त्या तासांची फेड तीन आठवडे निश्चल बसून होईल असे मला वाटले. हिशेब चुकला.

तुझ्या साहेबांस कळव: आवश्यक असल्यास परीक्षकांसमोर येऊन बसण्यास मी सिद्ध आहे. वजन अठ्ठावन्न.

काका


१९ मार्च

तीर्थरूप काका,

ते तीन तास मी कधीच माफ केले होते. तुम्हाला कळवायचं राहिलं, एवढंच. तुमचं पत्र वाचताना मी खुर्च्यांच्या ढिगावर बसले होते आणि बराच वेळ खाली उतरले नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही काकूला मोठ्यानं वाचून दाखवा. आमचे चार पट्टे बावीस दिवसांतच का संपतात ते तिच्या पत्रानं सांगितलं. शंकेखोरानं ते पत्र फळ्यावर उतरवून काढलं, नळासकट. आमचा पट्टा सदैव कुजबुजतो. माणूस डबीजवळ असला तर ठीक; भिंतीआड गेला की डबीला ऐकू येत नाही, ती ‘काय?’ म्हणते, आणि हा सगळी बातमी तेवढ्याच हळू पुन्हा पाठवतो. चार चार वेळा! वाचवलेली वीज अशी दामदुपटीनं जाते. तुम्ही फळीखालीच बसल्यामुळे ते तुमच्या आलेखात दिसलंच नाही.

नवा पट्टा जवळ असताना हळू बोलतो, लांब असताना मोठ्यानं, आणि फक्त निसटलेला तुकडा परत सांगतो. सहा रात्री नाही, सहा दुपारी लागल्या. एवढं सोपं होतं. तो सोबत पाठवतेय. दहा दिवसांचे प्रामाणिक आकडे हवेत, काका. या वेळी सेलवर दया नको. चाला, भांडा, बुद्धिबळ हरा. काकूला कितीही वेळा ‘काय?’ म्हणू द्या.

जुना पट्टा काकूकडे द्या.

खटपटी


३ एप्रिल

बाळ,

हे पत्र यांना ठाऊक नाही. आकडे खाली देते, आधी ऐक.

तू लिहिलंस सेलवर दया नको, आणि त्यांनी ती आज्ञा समजली. पट्टा आला त्याच दिवशी जिना चाळीस वेळा चढले. कोणी विचारलं तर म्हणत, “पुतणीचं काम आहे.” डॉक्टरांना बोलावून बुद्धिबळाचे सात डाव हरले, डॉक्टर म्हणाले, वजीर मुद्दाम देताय, तर त्यांच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडता मनगटाकडे बघत होते. रेडिओला उत्तरं देतात. समोरच्यांच्या घरी जाऊन मुलीच्या लग्नाबद्दल एवढा आनंद केला की ते लोक संशयानं बघायला लागले. मग घरी आले आणि खुर्चीवर बसले, उठले, बसले, उठले. मी मोजलं, साठ वेळा.

पहिल्याच संध्याकाळी मला कळलं की या माणसाकडून रोजच्यासारखं राहणं व्हायचं नाही. त्यांना पट्टा दिसला की व्रतच सुचतं. म्हणून ते अंघोळीला गेले तेव्हा मी अदलाबदल केली. त्यांच्या मनगटावर जुना पट्टा आहे, सेल काढलेला. नवा माझ्या हातावर आहे, बाहीखाली. मीही वयस्करच आहे की, फक्त कोणी विचारलं नव्हतं. मी काही वेगळं केलं नाही, करायला वेळच नव्हता.

अकरा दिवस झाले. सेल शंभरावरून अठ्ठ्याऐंशी. पावलं दिवसाला साधारण नऊ हजार चारशे. रोज संध्याकाळी हे खिडकीतला आकडा वाचतात आणि छाती काढून म्हणतात, “नऊ हजार! या वयात!”

मी बाही खाली ओढते. आकडे पुरतील का?

काकू


१२ एप्रिल

तीर्थरूप काका आणि काकू, दोघांना एकाच वेळी नमस्कार.

पुरले! काटेकोर हिशेबानं एक्क्याण्णव दिवस. परवा परीक्षक आले, खुर्च्यांवरून चढत आले, त्यामुळे सुरुवातीलाच दमले होते. आमच्या चार पट्ट्यांचे आकडे पाहिले, मग तुमच्या घरचे. त्यांची बराच वेळ कुजबुज चालली. आम्हाला वाटलं गेलं सगळं. मग त्यांच्यातल्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “सर्किट उत्तम आहे. पण ही व्यक्ती कोण? पट्टा डबीपासून वीस हातांपलीकडे कधी जात नाही, आणि दिवसाला नऊ हजार पावलं? ही कुठल्या कारखान्यात कामाला आहे?”

मी म्हटलं, “घरीच असतात.”

त्यांनी तसं लिहून घेतलं, मग ते खोडून ‘पुन्हा तपासावे’ असं लिहिलं, मग तेही खोडलं. पण शेवटी सही केली. खोली राहिली. खुर्च्या आता साहेबांच्या खोलीत आहेत. ते बाहेर उभे राहून काम करतात आणि म्हणतात, बरं वाटतं.

ज्यांनी पट्टा घातला त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

खटपटी


१८ एप्रिल

आयुष्मती खटपटीस काकांचे आशीर्वाद.

तुझे पत्र चौदा तारखेस मिळाले. ‘ज्यांनी पट्टा घातला’ हे शब्द तू किती जपून योजलेस, ते मला त्या दिवशी कळले नाही. मी ते डॉक्टरांना वाचून दाखवले. नऊ हजार पावलांचा मान मी त्यांच्यासमोर तासभर मिरवला, हेही कबूल केले पाहिजे.

पंधरा तारखेस माझा उजवा गुडघा सुजला. मी सूर्योदयापासून अंथरुणावर होतो. डॉक्टरांनी पाय उशीवर ठेवून हलवू नये असे बजावले होते. सायंकाळी सवयीने काकूस म्हटले, डबी इकडे आण, आकडा पाहू. आकडा नऊ हजार सातशे होता.

मी तर्कशास्त्र शिकवलेला मनुष्य आहे. एका जागी पडलेला देह नऊ हजार सातशे पावले चालत नाही. मनगटावरचा पट्टा उघडून पाहिला. आत सेल नव्हता. मग मी काकूच्या बाहीकडे पाहिले. ती पातेले घेऊन निघून गेली.

त्या रात्री मला राग आला नाही, हे आधी लिहितो. दुसऱ्या दिवशी मी अंथरुणातच राहिलो आणि डबी उशाशी घेतली. ती कशाने चालते ते पाहू लागलो. सकाळच्या अध्ययनात मी चार हाका मारल्या: चष्मा; पाणी; खिडकी लाव; खिडकी उघड. प्रत्येक हाकेनंतर आकडा पुढे सरके. चार हाकांची पावले एकशे अठ्ठेचाळीस झाली. हाक मारण्यास मला नावापुरतीच ऊर्जा लागते, खटपटे. उरलेली कोठून येते, ते मी त्रेचाळीस वर्षे पाहिले नव्हते.

दुपारपर्यंत मी सव्वीस हाका मोजल्या. त्यांतील नवी बातमी असलेली एकही नव्हती.

काल काठी घेऊन उठलो. चष्मा स्वतः आणला, पाणी स्वतः घेतले, खिडकीचा निर्णय एकदाच केला. आकडा आठ हजारांवर आला. आज सात हजार दोनशे. काकूने दोनदा विचारले, “अहो, पट्टा तर परत पाठवायचाय ना? मग हे सारखं उठणं कशासाठी?” मी म्हटले, पट्टा आणखी काही दिवस राहू दे तुझ्या हातावर. खटपटीस मी कळवतो. तेव्हा कळवले, असे समज.

दुपारी चारच्या सुमारास मी तिला म्हटले, “तू बस.” तिने भोवती पाहिले, काही सांडले आहे का, कोणी आले आहे का. काही नव्हते. ती माझ्याच खुर्चीत टेकली, हात मांडीवर ठेवले, आणि थोड्या वेळाने म्हणाली, “बसले. आता बसून काय करायचं असतं?”

मी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलो आणि खरे ते सांगितले: मलाही नीटसे ठाऊक नाही, मी एवढी वर्षे चुकीच्या रीतीने बसत आलो. उद्या चार वाजता पुन्हा बसून पाहू.

काका